मागणीपासून निर्णयापर्यंत

(मृणाल गोरे यांच्या स्मरणार्थ महाविद्यालयीन विद्यार्थिनींसमोर दिलेले व्याख्यान)



मृणालताईंच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत. अशा प्रसंगी थोर व्यक्तीच्या आठवणी सांगून, तिला वंदन करून वक्त्याला मोकळे होता येते. मला तसे मोकळे व्हायचे नाही. मी एक उघड मागणी घेऊन तुमच्यापुढे उभी आहे. तुमच्यापैकी काहीजणींनी राजकारणात यावे. गावात, प्रभागात, पक्षात काम करावे, निवडणूक लढवावी, निवडून यावे, हरलात तर पुन्हा उभे राहावे. आजचे सगळे बोलणे या एका मागणीची कारणे सांगण्यासाठी आहे.

मुलीने समाजकार्य केलेले आपल्या घरांना चालते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ती श्रमदान करून आली, वस्तीतल्या मुलांना शिकवू लागली, पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करू लागली, तर आईवडील चारचौघांत कौतुकाने सांगतात. तीच मुलगी एके दिवशी म्हणाली, ‘मला नगरसेविका व्हायचंय,’ तर घर गप्प होते. मग समजूत घालणे सुरू होते. ‘आपल्यासारख्यांचं ते काम नाही.’ ‘आधी नोकरी बघ.’ ‘लग्न कसं जमायचं?’ राज्यशास्त्र शिकवण्याच्या माझ्या साऱ्या वर्षांत हुशार, धीट, लोकांत सहज मिसळणाऱ्या किती मुलींच्या बाबतीत मी हे पाहिले, त्याची गणती नाही. सेवा पवित्र आणि सत्ता गलिच्छ, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. या वाटणीची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. सेवा त्यांच्या वाट्याला आली आणि निर्णय दुसऱ्यांच्या.

मृणालताईंनी ही वाटणी मानली नाही. म्हणून त्यांचे आयुष्य मी तुमच्यासमोर जरा बारकाईने मांडणार आहे.

पाण्याची रांग आणि सभागृह

मृणाल मोहिले मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. डॉक्टर होण्याची वाट मोकळी होती. राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या ओढीने त्यांनी ते शिक्षण सोडले, केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न केले आणि गोरेगावात काम सुरू केले. गोरेगाव त्या वेळी मुंबईच्या वेशीवरचे गाव होते, तिथे ग्रामपंचायत होती. मृणालताईंनी त्या ग्रामपंचायतीत काम केले. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. १९६१ मध्ये मृणालताई मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या.

त्यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते या काळात. पिण्याच्या पाण्यासाठी पहाटे उठून रांग धरणाऱ्या, हंडा-कळशीवरून भांडणे सोसणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. आता नीट पाहा. पाण्याच्या प्रश्नावर सेवाही करता आली असती. टँकर मागवता आला असता, वर्गणी काढून विहीर उपसता आली असती. त्याने आठवडा निभावला असता. पण जलवाहिनी कोणत्या रस्त्याने न्यायची, तिचा व्यास किती ठेवायचा, कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी द्यायचे आणि यंदाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम धरायची की नाही, हे महापालिकेत ठरते. मृणालताई रस्त्यावर मोर्चा काढत आणि तीच मागणी घेऊन सभागृहातही उभ्या राहत. ही दोन्ही कामे त्यांना एकच वाटत.

१९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाई एकदम आली. साखर, तेल, रॉकेल मिळेना. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई आदी वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. हातात लाटणी घेऊन निघालेले ते मोर्चे तुमच्या आज्यांनी पाहिले असतील, काहीजणी त्यात चालल्याही असतील. कधी घराबाहेर न पडलेल्या हजारो बायका मंत्र्यांना जाब विचारू लागल्या. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या. आणीबाणीत तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये लोकसभेवर.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेचा धंदा फोफावला होता. पोटातला गर्भ मुलीचा आहे असे कळले की तो पाडायचा, हे उघडपणे चालू होते. स्त्री संघटना, काही डॉक्टर, वकील, पत्रकार यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. लेख आले, परिषदा झाल्या, निदर्शने झाली. हे सारे हवेच होते. पण दवाखान्याला टाळे लावण्याचा अधिकार लेखाला नसतो, तो कायद्याला असतो. मृणालताई १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या होत्या. त्यांनी या विषयावर अशासकीय विधेयक मांडले. बाहेरच्या चळवळीला सभागृहात आवाज मिळाला, सरकारला उत्तर देणे भाग पडले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. राज्याचा कायदा झाला त्याच सुमारास मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या.

कायदा झाल्याने सारे संपले असे मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. कायदा राबवणारी यंत्रणा ढिली पडली तर काय होते ते या आकड्यांत दिसते. म्हणजे एकदा निवडून जाऊन, एक कायदा करून भागत नाही. सभागृहात प्रत्येक पिढीत अशी माणसे लागतात, ज्यांना हा प्रश्न स्वतःचा वाटतो.

वीस-बावीस वर्षांच्या मुली

‘अजून आम्ही लहान आहोत,’ असे तुम्ही म्हणाल. इतिहास तसे सांगत नाही. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात सारे मोठे नेते तुरुंगात गेले तेव्हा मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता २२ वर्षांच्या होत्या आणि कायद्याचा अभ्यास करत होत्या. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडेपर्यंत त्यांनी जागा बदलत प्रक्षेपण चालू ठेवले. पुढे त्यांनी राज्यशास्त्र शिकवले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या अहिल्याताई रांगणेकर त्याच आंदोलनात येरवड्याच्या तुरुंगात गेल्या आणि पुढे मुंबईच्या नगरसेविका व खासदार झाल्या. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. तिथून सुरू झालेली वाट राष्ट्रपतिभवनापर्यंत गेली. शेजारच्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राला मात्र स्वतःची पहिली महिला मुख्यमंत्री अजून पाहायची आहे.

या बायकांच्या काळात महाविद्यालय ही राजकारणाची पहिली शाळा होती. तुमच्यासाठी ती शाळा बरीच वर्षे बंद आहे. तुमच्या मावश्या-काकांना विचारा, त्यांच्या वेळी सरचिटणीस (जी. एस.), विद्यापीठ प्रतिनिधी (यू. आर.), विद्यार्थिनी प्रतिनिधी (एल. आर.) निवडून यायचे. प्रचार व्हायचा, वर्गावर्गांत भाषणे व्हायची, मुली मते मागायच्या. हिंसाचार आणि बाहेरच्या पक्षांचा हस्तक्षेप वाढला म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा आणल्या. विद्यार्थी परिषदेत महिला प्रतिनिधीची जागाही ठेवली. पण २०१९ मध्ये जाहीर झालेले वेळापत्रकही पुढे ढकलले गेले.

यात भर म्हणून २०२२ पासून राज्यातल्या अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. अठराव्या वर्षी मतदार झालेल्या कितीतरी मुलींना आपला नगरसेवक कोण हे सांगता येत नव्हते, कारण नगरसेवकच नव्हता. तुम्हाला राजकारणात रस नाही, अशी तक्रार वडीलधारे करतात. ज्या पिढीला वर्गात मत देता आले नाही आणि प्रभागातही देता आले नाही, तिला आधी संधी द्या, मग तिच्या रसाचे बोला, असे मी त्यांना सांगते.

राखीव जागेने काय दिले

आपल्याकडे पंचायतीत बाई आली ती आरक्षणाने, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. बारामती तालुक्यातल्या निंबुत गावात १९६० च्या दशकातच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, लाखांच्या घरात बायका आल्या आणि पंचायत राजच्या निवडणुका बायकांनी लढवाव्यात असा विचार तिथे पुढे आला. त्यातून जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या काही गावांत संपूर्ण महिला पंचायती निवडून आल्या. याच विटनेरमध्ये ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. सातबाऱ्यावर नाव आणि पंचायतीत खुर्ची या दोन गोष्टी एकाच गावात, एकाच काळात याव्यात हा योगायोग मला वाटत नाही.

महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या निम्म्या जागांवर बाई बसते, ही जगातल्या थोड्याच राज्यांना साधलेली गोष्ट आहे.

याचा उपयोग झाला का? दोन अभ्यास सांगते. पहिला मुंबईचाच आहे. रिखिल भवनानी यांनी महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. १९९७ मध्ये जे प्रभाग बायकांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. एक तर त्या प्रभागांत अनुभवी बायका तयार झाल्या होत्या. दुसरे म्हणजे बाई जिंकू शकते हे पक्षांना डोळ्यांनी दिसले होते.

दुसरा अभ्यास पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला आहे. एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या ४९५ गावांत त्यांनी आईवडिलांना आणि किशोरवयीन मुलामुलींना विचारले की मुलीने किती शिकावे, काय व्हावे. ज्या गावांत प्रमुखपद दोन निवडणुका बाईकडे राहिले, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या अपेक्षांतली दरी आईवडिलांच्या मनात २५ टक्क्यांनी आणि मुलामुलींच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. शिक्षणातली दरी तर नाहीशी झाली. मुलींनो, यातले ‘दोन निवडणुका’ हे शब्द लक्षात ठेवा. एकदा बाई खुर्चीत बसली तर गाव ती पाच वर्षे कशीबशी काढते. दुसऱ्यांदा बसली की गावातल्या मुलीची स्वप्ने बदलतात.

आता याची दुसरी बाजू. कारभार पतीच्या हातात, सही बाईची, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बाई स्वतः कारभार करू लागली तर काय होते तेही पाहा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला सरकारी जागेवर राहत असल्याच्या आरोपावरून पदावरून काढले गेले. तिला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तिचे पद परत दिले आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचले नाही, अशा आशयाचे स्पष्ट भाष्य केले. एका निवडून आलेल्या बाईला आपले पद राखायला गाव ते दिल्ली एवढे अंतर कापावे लागते. म्हणूनच तिथे कायदा वाचलेल्या, कागद समजणाऱ्या, एकट्या न पडणाऱ्या बायका हव्यात.

शहाण्णव जणी कोठून येणार?

पंचायतीत निम्म्या असलेल्या बायका वर जाता जाता कमी होतात. २०१९ मध्ये २८८ आमदारांच्या विधानसभेत २४ बायका निवडून आल्या. २०२४ मध्ये त्याहूनही कमी आल्या. राज्यातून लोकसभेत जाणाऱ्या ४८ खासदारांत २०२४ मध्ये सात बायका निवडून आल्या. संपूर्ण लोकसभेत ५४३ पैकी ७४.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती केली. लोकसभेत आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळणार, असे तिने ठरवले. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांना ती जोडलेली आहे. आजच्या संख्येने हिशेब केला तर महाराष्ट्र विधानसभेत ९६ बायका बसतील, लोकसभेत राज्याच्या १६.

या ९६ जणी कोण असतील? त्या दिवशी पक्ष उमेदवार शोधायला निघतील तेव्हा तयार बाई दिसली नाही तर ते नेत्याच्या घरी जातील. पत्नी, मुलगी, सून यांची नावे पुढे येतील. त्यांच्यातही कर्तबगार बायका आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण शेतमजुराची मुलगी, रिक्षावाल्याची मुलगी, शिक्षकाची मुलगी, आश्रमशाळेत शिकलेली आदिवासी मुलगी त्या सभागृहात आली नाही, तर तिच्या वस्तीचे प्रश्न तिथे कोण नेणार? कायदा जागा देईल. त्या जागेवर बसण्याची तयारी कायदा करून देत नाही. ती दहा-पंधरा वर्षांची तयारी असते आणि तिची सुरुवात तुमच्या वयात होते.

परीक्षेची वाट आणि निवडणुकीची वाट

समोर बसलेल्यांपैकी अनेकजणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतील. तुमची चिकाटी मला माहीत आहे. अभ्यासिकेत पहाटेपासून बसता, पेठेत कॉटबेसिसवर राहून डब्यावर दिवस काढता. १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय सेवेत बायकांना ३० टक्के जागा मिळाल्या आणि तहसीलदार, पोलीस उपअधीक्षक, गटविकास अधिकारी म्हणून तुमच्या थोरल्या बहिणी आज राज्य चालवत आहेत. २०२४ मध्ये राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिवही मिळाल्या. या वाटेचा मला अभिमान आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की लोकांची सेवा करायची तर अधिकारीच व्हावे लागते, हा समज सोडा. अधिकारी ठरलेले धोरण राबवते. धोरण ठरवते ती लोकांनी निवडलेली प्रतिनिधी. शाळेचा पट कमी झाला म्हणून शाळा बंद करायची की नाही, एस.टी.ची मुलींसाठीची फेरी ठेवायची की नाही, बसस्थानकावर स्वच्छतागृह बांधायला पैसे द्यायचे की नाही, या प्रश्नांवर शेवटचा शब्द सभागृहाचा असतो. आणि तुम्ही परीक्षेसाठी जो अभ्यास करता, म्हणजे राज्यघटना, पंचायत राज, अर्थसंकल्प, महाराष्ट्राचा भूगोल, तो जसाच्या तसा राजकारणातही लागतो. यादीत नाव आले नाही म्हणून घरी परतलेल्या हजारो मुलींकडे आपल्या तालुक्यातल्या पुढाऱ्यांइतके, पुष्कळदा त्याहून जास्त ज्ञान असते. ते वाया जाऊ देऊ नका.

अडचणी खऱ्या आहेत

तुम्हाला भुलवून राजकारणात नेण्यासाठी मी आलेली नाही. अडचणी सांगते.

पहिली पैशाची. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची परवानगी आहे. त्याच्या आसपासचीही रक्कम तुमच्याकडे नाही. पण ग्रामपंचायतीची खर्चमर्यादा याच्या तुलनेत फार थोडी आहे आणि छोट्या प्रभागात अजूनही घरोघर फिरलेली उमेदवार जिंकते. मृणालताईंसारख्यांच्या निवडणुका लोकांनी वर्गणी काढून लढवल्या, कारण आधी वर्षानुवर्षे त्या लोकांच्या दारात गेलेल्या होत्या.

दुसरी बदनामीची. बाईच्या कामावर बोलता आले नाही की तिच्या चारित्र्यावर बोलतात, आता तर मोबाइलवर खोटी छायाचित्रे फिरवतात. सावित्रीबाईंनी शेण झेलले हे आपण मुलींना शाळेपासून शिकवतो, पण ते एकटीने झेलायचे असे शिकवू नये. फातिमाबी होत्या, जोतीराव होते. तुमच्याही सोबत दहाजणी हव्यात. एकीवर चिखल उडाला की दहाही जणींनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जायचे, लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची.

तिसरी घराची. बैठका रात्री होतात, सभा लांबतात, मूल लहान असते. १९९८ मध्ये महाराष्ट्रातल्या महिला पंचायतींवर बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेले एक पुस्तक आले. बाई पंचायतीत गेली तर पोळ्या कोण करणार, हा प्रश्नच त्याचे शीर्षक आहे. तुमच्या भावांनी या प्रश्नाचे उत्तर आजच द्यावे. ‘पोळ्या आम्ही करू.’ मुलगी पक्षाच्या बैठकीला गेली तर भाऊ घरचे बघेल, एवढे साधे ते आहे.

चौथी अडचण हरण्याची. पराभव झाला की लोक सल्ला देतात, ‘बघ, सांगितलं होतं ना.’ निवडणुकीत पुरुषही हरतात आणि पुढच्या वेळी पुन्हा फॉर्म भरतात. तोच हक्क तुमचा आहे. बीरभूमची दुसरी निवडणूक आठवा.

सुरुवात कोठे करायची

अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर नमुना ६ भरून मतदार यादीत नाव घाला. आता वर्षातून चार पात्रता दिनांक असतात, वाट पाहायची गरज नाही. वसतिगृहात राहत असाल तर नाव कुठल्या यादीत ठेवायचे ते नीट विचार करून ठरवा. ज्या प्रभागात किंवा गावात काम करायचे, तिथे ते हवे.

गाव असेल तर ग्रामसभेला जा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती होते का, की नुसत्या सह्या गोळा केल्या जातात, हे पाहा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. हा एक अर्ज तुम्हाला राज्यशास्त्राच्या एका सत्राइतके शिकवील.

शहरात राहत असाल तर आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रक मिळवा. कचरा, पाणी, पथदिवे, दवाखाना यांपैकी एकच प्रश्न निवडा आणि वर्षभर त्याचा पाठपुरावा करा. पाच प्रश्न घेणारी कार्यकर्ती दमते. एक सोडवणारीला लोक ओळखू लागतात.

पक्षात जा. हे मी मुद्दाम सांगते, कारण सुशिक्षित घरांना पक्षाचेच नाव नको असते. घटना मान्य असलेला, तुमच्या विचारांशी जुळणारा पक्ष निवडा, त्याचे जुने-नवे जाहीरनामे वाचा आणि शाखेत जाऊन बसा. तिथे तुम्हाला हळदीकुंकवाचे आणि स्वागताचे काम दिले जाईल. ते नम्रपणे नाकारा. मतदार यादी मागा, बूथ मागा, पत्रकाचा मजकूर लिहिण्याचे काम मागा. ज्या बाईला बूथ माहीत असतो, तिला तिकीट नाकारताना पक्ष दोनदा विचार करतो.

एकविसाव्या वर्षी तुम्ही ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका लढवू शकता. पंचविसाव्या वर्षी विधानसभा आणि लोकसभा. मग राखीव जागेवर निवडून आलात तर त्या पाच वर्षांत असे काम करा की आरक्षण फिरून दुसरीकडे गेले तरी त्याच खुल्या जागेवर लोक तुम्हालाच उभे करतील. राखीव जागा तुम्हाला आत नेते, खुली जागा जिंकली की तुमच्यामागच्या दहाजणींचा रस्ता मोकळा होतो.

ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना

शेवटी दोन शब्द तुमच्याभोवतीच्या मोठ्यांना. प्राचार्यांनो आणि प्राध्यापकांनो, विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका घेण्याचा आग्रह धरा आणि तोवर निदान वर्ग प्रतिनिधी मतदानाने निवडा. मुलींना सूत्रसंचालनापुरते व्यासपीठावर बोलावू नका, अंदाजपत्रकावर चर्चा करायला बोलवा. हिवाळी अधिवेशन नागपूरला, इतर अधिवेशने मुंबईला भरतात. वर्षातून एकदा मुलींना प्रेक्षक सज्जात घेऊन जा. लक्षवेधी सूचना कशी लागते, प्रश्नोत्तराचा तास कसा चालतो ते त्यांनी स्वतः पाहावे.

पक्षांच्या नेत्यांनो, आरक्षणाचा कायदा लागू होण्याची वाट पाहायला तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. उद्याच्या निवडणुकीत एक तृतीयांश उमेदवारी स्वेच्छेने द्यायला कोणतीही घटनादुरुस्ती लागत नाही.

आणि आईवडिलांनो, तुमची भीती प्रेमापोटी आहे, हे मला कळते. पण तुमची मुलगी ज्या रस्त्याने रात्री घरी येते त्या रस्त्यावर दिवा लावण्याचा निर्णय ज्या सभागृहात होतो, तिथे तिच्यासारख्या मुली नसतील तर तो रस्ता अंधाराच राहील. तिला घरात ठेवून ती सुरक्षित होत नाही. तिच्या हाती अधिकार आला की तिच्याबरोबर इतरही सुरक्षित होतात.

मुलींनो, मृणालताईंच्या पिढीने मागण्या केल्या, मोर्चे काढले, आणि मग सभागृहात जाऊन त्या मागण्यांचे निर्णय करून घेतले. त्यांनी दोन टोके जोडली. मधल्या काळात आपण पुन्हा मागणाऱ्यांच्या बाजूला जास्त आणि ठरवणाऱ्यांच्या बाजूला थोड्या उरलो. हा तोल सरळ करणे तुमच्या हातात आहे. पुढची ग्रामसभा कधी आहे ते आज घरी फोन करून विचारा आणि त्या दिवशी प्रश्न घेऊन जा. तुमच्या प्रभागातली, तुमच्या गावातली पुढची उमेदवार तुमच्यापैकीच एक असू द्या. तिच्या प्रचारात फिरायला मी येईन.